पासलिब काढताना: आधी जुने हॅश ओळखा, मग लायब्ररी बदला

प्रश्न थोडक्यात असा आहे. पायथनमधलं एक ॲप, चार-पाच वर्षं चालू, लाखभर युझर, सगळे पासवर्ड पासलिब या लायब्ररीतून, बीक्रिप्ट या पद्धतीने हॅश करून ठेवलेले, म्हणजे मूळ पासवर्ड परत काढता येणार नाही अशा स्ट्रिंगमध्ये बदलून. सर्व्हरवर पॅकेजेस अपडेट केली आणि लॉगिन बंद पडलं. एरर येतो की पासवर्ड ७२ बाइटपेक्षा मोठा चालत नाही, पण टाकलेला पासवर्ड तर आठ अक्षरांचा आहे. आता पासलिब काढून पीडब्ल्यूडीलिब ही नवी लायब्ररी आणायची आणि सोबत आर्गॉन२ या नव्या हॅशपद्धतीवर जायचं असं ठरतंय, आणि टीममध्ये दोन मतं आहेत, एक म्हणतं सगळ्यांना पासवर्ड रिसेट करायला लावू, दुसरं म्हणतं जुनं व्हर्जन पिन करा (तेच पक्कं ठरवून ठेवा) आणि विषय सोडून द्या.

माझ्या मते दोन्ही नको. हे काम मी तीन वेगवेगळ्या सिस्टिम्सवर केलंय, एकात माझ्या हातून मोठी चूक झाली होती, ती पुढे येईल, त्यामुळे जरा सविस्तर लिहितोय.

आधी तो एरर समजून घ्या, नाहीतर भलतीच दुरुस्ती होते. पासलिबचं शेवटचं रिलीज १.७.४, ते ऑक्टोबर २०२० चं. त्यानंतर नवीन काही आलेलं नाही. पण बहुतेक ठिकाणी पासलिब स्वतः बीक्रिप्ट करत नाही, ते काम खालचं बीक्रिप्ट नावाचं वेगळं पॅकेज करतं, आणि ते पॅकेज मात्र पुढे जात राहिलं. त्याच्या ४.१ मध्ये पासलिब जिथून व्हर्जन नंबर वाचायचं ती आतली जागाच काढून टाकली, तेव्हापासून लॉगमध्ये व्हर्जन वाचता आलं नाही अशी एक ओळ यायला लागली. काम चालू होतं म्हणून बहुतेकांनी तिकडे बघितलंच नाही. मग २०२५ मध्ये ५.० आलं. त्याच्या आधी ७२ बाइटच्या पुढचा भाग बीक्रिप्ट काही न बोलता सोडून द्यायचं, ५.० पासून ते सरळ एरर देतं. हा बदल माझ्या मते योग्यच आहे, पण पासलिबला तो नडला, कारण पासलिब पहिल्यांदा बीक्रिप्ट वापरताना एक चाचणी करून बघतं. ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या जुन्या बीक्रिप्ट कोडमध्ये पासवर्डची लांबी आठ बिटच्या खणात ठेवलेली होती, २५५ च्या पुढे गेली की ती परत शून्यापासून सुरू व्हायची, तो दोष २०१४ मध्ये दुरुस्त झाला आणि हॅशच्या सुरुवातीला लागणारा $२बी$ हा नवा शिक्का तेव्हाच आला. खालच्या लायब्ररीत तो दोष अजून आहे का हे तपासायला पासलिब २५५ बाइटचा एक बनावट पासवर्ड हॅश करून बघतं आणि ५.० नेमकं तिथेच नाही म्हणतं. म्हणजे तो एरर तुमच्या युझरच्या पासवर्डबद्दल नाहीच आहे. युझरचा पासवर्ड आठ अक्षरांचा असो की चार, एरर येणारच, आणि पासवर्ड ७२ वर कापायचा कोड टाकून तो जाणार नाही.

त्यामुळे आजच्या आज एवढंच करा, बीक्रिप्ट पॅकेज ५ च्या खाली पिन करा, ४.०.१ घेतलंत तर ती व्हर्जनची ओळही जाईल, आणि लॉगिन सुरू करा. हे फक्त श्वास घ्यायला आहे. पासवर्ड तपासणारा कोड पाच वर्षांपूर्वीच्या पॅकेजवर अडकवून ठेवणं मला पटत नाही, पायथनचं प्रत्येक अपग्रेड तिथे येऊन अडखळणार. लिबपास नावाचा पासलिबचा एक फोर्क (दुसऱ्यांनी पुढे चालवलेली प्रत) आहे, इम्पोर्ट न बदलता वेळ काढायचा असेल तर तो बघू शकता, पण आर्गॉन२ वर जायचं ठरलंच आहे तर मी मधला थांबा घेणार नाही.

सगळ्यांना रिसेट का नको? कारण गरज नाही. हॅश लीक झालेत अशी शंका असेल तर रिसेट करायलाच हवं, पण फक्त लायब्ररी बदलायची म्हणून लाख लोकांना मेल पाठवला की त्यातले कितीतरी जण समजणार डेटा चोरीला गेला, काहींचे ईमेल जुने, ते कायमचे बाहेर, आणि त्याच आठवड्यात तसाच दिसणारा खोटा मेल कोणी पाठवला तर तुमचेच युझर त्यावर क्लिक करणार, कारण तशा मेलची सवय तुम्हीच लावलीत.

आता मुख्य मुद्दा. आपण म्हणतो लायब्ररी बदलतोय, पण जपायचा असतो तो डेटाबेसमधला एक कॉलम. प्रत्येक हॅश स्वतःची कृती स्वतःसोबत घेऊन बसलेला असतो. बीक्रिप्टचा एक हॅश जवळून बघा: सुरुवातीला $२बी$१२$, म्हणजे कुठला प्रकार आणि कॉस्ट (हॅश करायला लागणारी मेहनत) किती, ही ७ अक्षरं, मग २२ अक्षरं सॉल्टची (प्रत्येक पासवर्डसोबत मिसळलेला वेगळा यादृच्छिक भाग), मग ३१ अक्षरं खऱ्या निकालाची, एकूण ६०, कायम ६०. आर्गॉन२ ची स्ट्रिंग पण तशीच, आधी आर्गॉन२आयडी असं नाव, मग व्हर्जन १९, मग मेमरी, फेऱ्या, थ्रेड, मग सॉल्ट, मग निकाल. ही स्ट्रिंग पासलिबने लिहिलीय का आणखी कोणी याला काही अर्थ नाही, कृती माहीत असलेली कुठलीही लायब्ररी ती तपासू शकते. म्हणजे जुना पासवर्ड नव्या कोडने तपासता येणं यात जादू काही नाही, फक्त जुना हॅश नेमका कसा बनला होता ते बाइटपर्यंत माहीत पाहिजे. बहुतेक फसगत इथेच होते, कारण जुनी लायब्ररी काही गोष्टी न सांगता करत असते आणि त्या आपल्याला ती काढल्यावरच कळतात.

म्हणून कोडला हात लावायच्या आधी डेटाबेसवर एक साधी क्वेरी मारा, हॅशची पहिली सात अक्षरं घ्या आणि त्यावर ग्रुप करून मोजा. पाच मिनिटांचं काम आहे पण मी आजवर एकदाही फक्त एकच प्रकार निघालेला बघितला नाही. एका ठिकाणी सगळे म्हणत होते आपल्याकडे फक्त बीक्रिप्ट आहे, निघालं काय, $२बी$ सोबत $२वाय$ वाले काही हजार, कारण आधीचं ॲप पीएचपीत होतं आणि तिथले युझर तसेच आणले होते, शिवाय पीबीकेडीएफ२ या आणखी एका हॅशपद्धतीचे काहीशे, कारण मधे कोणीतरी सहा महिने ते वापरून बघितलं होतं, आणि बरेच रिकामे, ते दुसऱ्या कंपनीच्या खात्यातून लॉगिन करणारे, त्यांना पासवर्डच नाही. या प्रत्येकाचं उत्तर वेगळं असतं. पीडब्ल्यूडीलिबला फक्त आर्गॉन२ आणि बीक्रिप्ट येतं, बाकी काही नाही. पीबीकेडीएफ२ वाल्यांसाठी छोटा क्लास स्वतः लिहावा लागतो, अवघड नाही, पायथनच्या हॅशलिबमध्ये ते फंक्शन आहेच, पण लक्षात ठेवा की पासलिब तिथे बेस६४ ची (बाइट अक्षरांत लिहायची पद्धत) जरा वेगळी लिपी वापरतं, अधिकच्या चिन्हाच्या जागी टिंब आणि शेवटची बरोबरची चिन्हं गायब. हे माहीत नसेल तर दिवसभर शोधत बसाल की सगळं बरोबर असून निकाल का जुळत नाही. तसंच बीक्रिप्ट-एसएचए२५६ असं नाव दिसलं तर नावावर विश्वास ठेवू नका, जँगो या पायथनच्या वेब फ्रेमवर्कमधला आणि पासलिबमधला, नाव एकच, आतली कृती वेगळी.

रिकाम्या हॅशचं पण बघा. पासलिबच्या कॉन्टेक्स्टला (कुठल्या हॅशपद्धती चालतील ते ठरवणारा भाग) हॅशच्या जागी नन, म्हणजे काहीच नाही, असं दिलं तर ते शांतपणे एक खोटी तपासणी करतं, म्हणजे वेळ तेवढाच लागतो, आणि फॉल्स देतं. युझर अस्तित्वात आहे की नाही हे वेळ मोजून कळू नये म्हणून. नव्या कोडमध्ये हे आपोआप होईल असं धरू नका, ननची वाट वेगळी लिहा आणि तिथेही एका ठरलेल्या आर्गॉन२ हॅशवर तपासणी चालवून मगच नाही म्हणा.

पीएचपीतून आलेल्यांबद्दल एक वाक्य जास्त. २०११ मध्ये पीएचपी वापरत असलेल्या बीक्रिप्टच्या कोडमध्ये एक दोष सापडला होता, ज्या बाइटचा वरचा बिट १ आहे तो बाइट चुकीचा धरला जायचा, दुरुस्तीनंतर बरोबर हॅशना $२वाय$ शिक्का मिळाला, पीएचपी ५.३.७ पासून. साध्या इंग्रजी अक्षरांना याने फरक पडत नाही पण देवनागरीचा यूटीएफ-८ मधला (मजकूर बाइटमध्ये साठवायची नेहमीची पद्धत) प्रत्येक बाइट तसाच असतो, वरचा बिट १ वाला. म्हणजे त्याच्याही आधीच्या काळातले $२ए$ हॅश तुमच्याकडे असतील आणि पासवर्ड देवनागरीत असेल तर तो जुळणार नाही अशी शक्यता आहे. असे लोक हाताच्या बोटावर मोजण्याइतके असतील, त्यांना पासवर्ड विसरलात का ची वाट पुरे, पण कारण माहीत असलेलं बरं.

मोजणी झाली की दुसरं काम, आणि हे मी कधीच सोडत नाही: जुनं वातावरण जसंच्या तसं चालू असतानाच त्याच्याकडून नमुने बनवून घ्या. माहीत असलेले पंधरा-वीस पासवर्ड आणि त्यांचे पासलिबने बनवलेले हॅश, एका फाइलमध्ये, टेस्टमध्ये कायमचे. साधा इंग्रजी, शेवटी स्पेस असलेला, इमोजी असलेला, देवनागरी, बरोबर ७१ बाइट, ७२, ७३, आणि २०० बाइटचा. जुनी लायब्ररी निघून गेल्यावर हे नमुने परत बनवता येत नाहीत, म्हणजे येतात, पण तेव्हा तुम्ही कंटेनरमध्ये जुनं पायथन टाकत बसलेले असता. नवा कोड या सगळ्या नमुन्यांना हो म्हणाला आणि प्रत्येकाचं एक अक्षर बदलल्यावर नाही म्हणाला की मगच पुढे.

त्या नमुन्यांत पहिला मार खाईल तो ७३ बाइटवाला. जुन्या पॅकेजने पहिले ७२ बाइट घेतले आणि हॅश केला, युझरला काही कळलं नाही. आता ५.० सोबत तोच युझर तोच पासवर्ड टाकेल आणि तुमच्याकडे एरर, पीडब्ल्यूडीलिब घेतलं तरी बीक्रिप्टसाठी खाली तेच पॅकेज आहे. तर जुने बीक्रिप्ट हॅश तपासताना, फक्त तपासताना, पासवर्डचे बाइट ७२ वर कापून द्यायचे. बाइट म्हणतोय, अक्षरं नाही. देवनागरीत प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, आणि चिन्ह म्हणजे डोळ्याला दिसणारं अक्षर पण नाही. ‘दुसऱ्या’ हा शब्द घ्या. आपण म्हणू तीन अक्षरं. कॉम्प्युटरला ती सात चिन्हं आहेत, द, उकार, स, ऱ, हलन्त, य, काना, म्हणजे २१ बाइट. असे चार शब्द झाले की ८४, गेला ७२ च्या पुढे. लोकांना आपण सांगतो मोठं वाक्य ठेवा पासवर्ड म्हणून, आपल्या भाषेत ठेवा, लक्षात राहतं, आणि बीक्रिप्ट त्याचा शेवटचा शब्द वाचतच नव्हतं. आणि कापताना सगळी चिन्हं देवनागरी असतील तर २४ वर बरोबर ७२ होतात, पण आधी एखादा इंग्रजी आकडा असेल तर कात्री एका चिन्हाच्या मधोमध बसते, तो तुकडा परत मजकुरात बदलायला गेलात तर डिकोडचा एरर येईल, म्हणून बाइट बाइटच राहू द्या.

याच्या पुढची खाच जास्त बारीक आहे. त्या लांब पासवर्डवाल्या युझरने शेवटचा शब्द आज चुकीचा टाइप केला तर? जुना हॅश हो म्हणणार, कारण तो भाग त्याने कधी बघितलाच नाही. मग तुमचा कोड लगेच त्या चुकलेल्या पासवर्डचा आर्गॉन२ हॅश बनवून ठेवणार, आणि आर्गॉन२ सगळे बाइट बघतं. उद्या तो बरोबर पासवर्ड टाकेल आणि बाहेर राहील. म्हणून मी ७२ च्या पुढचे पासवर्ड लॉगिनच्या वेळी आपोआप बदलत नाही, ते बीक्रिप्टवरच ठेवतो, युझर स्वतः पासवर्ड बदलेल तेव्हा आर्गॉन२ होतो. संख्या फार कमी असते, अडत काही नाही.

‘दुसऱ्या’ अजून सोडत नाही, कारण त्यात दुसरी अडचण पण आहे. तो ऱ एका कीबोर्डवर एकच चिन्ह म्हणून येतो, दुसऱ्यावर र आणि खाली नुक्ता अशी दोन चिन्हं, आणि काही जुन्या पद्धतीत र, हलन्त आणि न दिसणारा जोडक असं. स्क्रीनवर तिन्ही सारखे, बाइट तिन्ही वेगळे, पहिला २१ बाइटचा, बाकी दोन्ही २४ चे. बीक्रिप्टला देताना पासलिब यात काहीही ढवळाढवळ करत नाही, आलं तसं यूटीएफ-८ करून खाली देतं. आता नवीन कोड लिहिताना कोणाला तरी सुचतं की चला लगे हाथ युनिकोड नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराच्या वेगवेगळ्या रूपांचं एक रूप करणं) पण करून टाकू. विचार चांगला आहे, एनएफसी (त्याचा एक प्रकार) केलं की पहिले दोन एक होतात, तिसरा नाही होत, तो वेगळाच राहतो. पण जुना हॅश दुसऱ्या रूपावर बनलेला असेल आणि तुम्ही तपासायच्या आधी नॉर्मलाइझ केलं तर तो युझर गेला. म्हणून नियम असा ठेवा, जुना हॅश असेल तर पासवर्ड आला तसा, कच्चा, नव्या आर्गॉन२ साठी मात्र बनवतानाही आणि तपासतानाही नॉर्मलाइझ करून. ते करायचंच असेल तर आर्गॉन२ चा पहिला हॅश लिहायच्या आधी ठरवा, नंतर ठरवलंत तर अजून एक मायग्रेशन स्वतःच्या गळ्यात घालून घ्याल.

आता क्रम. अल्गोरिदम आणि लायब्ररी हे दोन वेगळे बदल आहेत, ते एका दिवशी करू नका, नाहीतर काही बिघडलं तर कशामुळे ते कळत नाही. पासलिबला आर्गॉन२ येतं, खाली आर्गॉन२-सीएफएफआय पॅकेज असलं की झालं. त्यामुळे तुम्ही बीक्रिप्ट पिन केलेल्या स्थितीतच आधी पासलिबच्या कॉन्टेक्स्टमध्ये आर्गॉन२ पहिला आणि बीक्रिप्ट जुना असं लावू शकता, लॉगिन झालं की नवीन हॅश, दोन-तीन आठवडे चालू द्या, आणि मग लायब्ररी बदला, तोपर्यंत रोज येणारे बहुतेक युझर आर्गॉन२ वर गेलेले असतात आणि ती स्ट्रिंग दोन्ही लायब्ऱ्यांना वाचता येते. किंवा उलटं करा, आधी लायब्ररी बदला, लिहा बीक्रिप्टच, मग आर्गॉन२. मला पहिला क्रम आवडतो, पण दोन्ही चालतात. दोन्ही एकदम हे मात्र चालत नाही.

डिप्लॉय करताना पण तेच दोन टप्पे. आधी सगळ्या सर्व्हरवर असा कोड जाऊ द्या जो दोन्ही वाचतो पण लिहितो जुनंच, आणि तो स्थिर झाल्यावर लिहायचं चालू करा. नाहीतर चार सर्व्हरपैकी दोन नवे असताना युझर नव्यावर लॉगिन करतो, हॅश आर्गॉन२ होतो, पुढची रिक्वेस्ट जुन्या सर्व्हरवर, तो म्हणतो हा हॅश कुठला ते ओळखता येत नाही. रोलबॅकचं पण तसंच. आणि युझर टेबल अजून कोण वाचतंय ते शोधा, ॲडमिनचं वेगळं टूल, रात्री चालणारी एखादी स्क्रिप्ट, दुसऱ्या भाषेत लिहिलेली जुनी सर्व्हिस. पासलिब हा शब्द सगळ्या रेपोत शोधा, एचटीपासवर्डची (वेब सर्व्हरची पासवर्ड यादी) फाइल बनवणारी स्क्रिप्ट किंवा ओटीपीचा कोड पण त्यावर बसलेला असू शकतो, ते पीडब्ल्यूडीलिब करत नाही.

आता माझी चूक. मी वर्षभरापूर्वीच्या बॅकअपवर, टेस्ट सर्व्हरवर, सगळं तपासलं होतं, सगळं बरोबर. प्रॉडक्शनवर चालू केलं, सकाळी लॉगिन छान चालले, दुपारपासून फोन यायला लागले की सकाळी लॉगिन झालं होतं, आता पासवर्ड चुकीचा म्हणतंय. हाच धागा होता, पहिल्यांदा होतं, दुसऱ्यांदा होत नाही. बीक्रिप्टचा हॅश ६० अक्षरांचा, आर्गॉन२-सीएफएफआयच्या डिफॉल्टने बनणारा ९७ अक्षरांचा, आणि प्रॉडक्शनच्या टेबलमध्ये तो कॉलम होता ८० चा. डेटाबेस मायएसक्यूएल, स्ट्रिक्ट मोड बंद, त्यामुळे त्याने एरर न देता शेवटची १७ अक्षरं कापून ठेवून दिली. आणि जुना हॅश त्याच जागी होता, तो गेलाच. टेस्ट सर्व्हरवर कोणीतरी कधीतरी तो कॉलम २५५ केला होता. आम्ही लिहिणं बंद केलं, ज्यांचा हॅश बरोबर ८० अक्षरांचा आहे ते सगळे शोधले आणि आदल्या रात्रीच्या बॅकअपमधून त्यांचे बीक्रिप्ट हॅश परत आणले, मधल्या वेळात पासवर्ड बदललेले थोडे होते त्यांना रिसेटचा मेल. त्या दिवशी लोक कामाला अडले ते माझ्यामुळे, आणि ते अजून आठवतं. तेव्हापासून कॉलम २५५ आहे का ते प्रॉडक्शनवर स्वतः बघतो, आणि नवा हॅश लिहिल्यावर तो त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये परत वाचून लिहिलेल्याशी जुळतो का ते बघतो, नाही जुळला तर रोलबॅक. एक जास्तीची क्वेरी पडते, पडू दे.

त्याच अपडेटच्या क्वेरीत अजून एक अट घाला. आयडी बरोबर असेल आणि हॅश अजून तोच जुना असेल, तरच बदल. कारण समजा युझरने एका टॅबमध्ये लॉगिन केलं, तिथे नवा हॅश बनतोय, आणि तेवढ्यात दुसऱ्या टॅबमधून त्याने पासवर्ड बदलला. अट नसेल तर जुन्या पासवर्डचा नवा हॅश येऊन नव्या पासवर्डवर बसेल. आणि हॅश बदलताना काहीही बिघडलं, डेटाबेस लॉक असेल, मेमरी संपली असेल, तरी लॉगिन अडवू नका, लॉगमध्ये लिहा आणि पुढे जा, उद्या परत येईल तेव्हा होईल.

कोडमधले फरक पटकन सांगतो. पासलिब आणि पीडब्ल्यूडीलिब दोन्हीत आधी पासवर्ड मग हॅश, आणि व्हेरिफाय-अँड-अपडेट हे फंक्शन दोन्हीकडे आहे, दोन गोष्टी परत देतं, जुळलं का, आणि बदलायचा असेल तर नवा हॅश, त्यामुळे बदल सोपा जातो. पण आर्गॉन२-सीएफएफआय थेट वापरलंत तर तिथे क्रम उलटा आहे, आधी हॅश मग पासवर्ड, आणि जुळलं नाही तर फॉल्स नाही येत, एक्सेप्शन येतं. ज्यांनी बाहेर सगळे एक्सेप्शन पकडून ५०० देणारा कोड लिहिलाय त्यांच्याकडे चुकीचा पासवर्ड टाकला की सर्व्हर एरर दिसायला लागतो. बीक्रिप्ट पॅकेज थेट वापरलं तर त्याला बाइट लागतात, मजकूर चालत नाही. हे सगळं तुमच्या एकाच छोट्या मोड्यूलमध्ये ठेवा, हॅश बनव आणि तपास अशी दोनच फंक्शन बाहेर दिसू देत, बाकी कोडमध्ये लायब्ररीचं नावही नको. पीडब्ल्यूडीलिबला स्वतःचा हॅशर देता येतो, ओळखणं, बनवणं, तपासणं, पुन्हा बनवायची गरज आहे का ते सांगणं, चार फंक्शन. वरचा ७२ वर कापणारा बीक्रिप्ट आणि जुना पीबीकेडीएफ२ दोन्ही तसेच बसवा.

मेमरीचा हिशोब आधीच करा. आर्गॉन२-सीएफएफआयचं डिफॉल्ट ६४ एमआयबी, ३ फेऱ्या, ४ थ्रेड, हे आरएफसी ९१०६ या आर्गॉन२ वरच्या दस्तऐवजातल्या कमी मेमरीवाल्या शिफारशीवरून घेतलंय. एका वेळी ५० लोक लॉगिन करत असतील तर ३२०० एमआयबी, फक्त त्याच्यासाठी. दोन जीबीच्या कंटेनरमध्ये सोमवारी सकाळी काय होईल ते वेगळं सांगायला नको. ओवास्प या वेब सुरक्षेवरच्या संस्थेची किमान शिफारस १९ एमआयबी, २ फेऱ्या, १ थ्रेड अशी आहे, त्याने तोच आकडा ९५० वर येतो. तुमच्या मशिनवर मोजा, आणि एका वेळी किती हॅश चालतील त्यावर मर्यादा घाला, बाकीचे रांगेत थांबू देत, अर्धा सेकंद उशीर झाला तरी चालेल. ॲप असिंक (एकाच थ्रेडमध्ये अनेक रिक्वेस्ट आलटून-पालटून चालवणारं) असेल तर हॅशचं काम इव्हेंट लूपवर करू नका, थ्रेडमध्ये टाका, नाहीतर एक जण लॉगिन करेपर्यंत सगळे थांबतात. आणि ठरवलेले आकडे कॉन्फिगमध्ये स्पष्ट लिहा, डिफॉल्टवर सोडू नका, लायब्ररीने उद्या डिफॉल्ट बदललं तर तुमच्या नकळत सगळे हॅश परत बनायला लागतील.

शेवटचा प्रश्न जे लॉगिन करतच नाहीत त्यांचा. मोजणीत जर एमडी५ किंवा एसएचए१ या जुन्या, झटपट फोडता येणाऱ्या पद्धतींचे नागडे हॅश निघाले तर त्यांच्यासाठी वाट बघू नका, त्याच आठवड्यात गुंडाळा. म्हणजे त्या जुन्या हॅशची जी हेक्स स्ट्रिंग आहे तिलाच पासवर्ड समजून त्यावर आर्गॉन२ चालवा, पुढे स्वतःची एक खूण लावा, आणि नागडा हॅश पुसून टाका, बॅकअपमधलाही लवकर जाईल असं बघा. लॉगिनला आधी एमडी५, मग आर्गॉन२ तपासणी, जुळलं की सरळ पासवर्डचा स्वच्छ आर्गॉन२. हेक्स लहान अक्षरांत आहे का मोठ्या ते मात्र बघा, मी दोन्ही एकाच टेबलमध्ये बघितलंय. ही गुंडाळी कायमची ठेवू नका, कारण तोच एमडी५ दुसऱ्या कुठल्या लीकमध्ये असेल तर चोराला आधी ती यादी चालवून जुळणी करता येते आणि मग फक्त एमडी५ फोडायचा उरतो.

बीक्रिप्ट कॉस्ट १२ वाल्यांना मात्र ही घाई नाही. ते चांगले हॅश आहेत, दोन वर्षं पडून राहिले तरी माझी झोप उडत नाही. पासलिब काढल्यावर त्यांच्यासाठी फक्त बीक्रिप्ट पॅकेज आणि तुमचा तो छोटा हॅशर एवढंच उरतं, ओझं काहीच नाही. दर महिन्याला तीच सात अक्षरांची मोजणी परत चालवा, आकडा कसा उतरतोय ते दिसेल, आधी झपाट्याने, मग तीन-चार महिन्यांनी जवळजवळ थांबतो. उरलेले ते बहुतेक परत न येणारे असतात. दोन वर्षं लॉगिन नसलेल्यांचा हॅश मी नन करतो, खातं तसंच राहतं, आलेच तर पासवर्ड विसरलात का मधून येतील, आणि ७२ च्या पुढचे जे थोडे बीक्रिप्टवर राहिलेत त्यांना लॉगिन झाल्यावर एक साधी सूचना दाखवतो की पासवर्ड एकदा बदलून घ्या.